बाहेर अघटित घडते तेव्हा: नागपुरातल्या कार्यालयांनी आणि कारखान्यांनी आपल्या माणसांना कसे सांभाळावे

२००६ सालचा नोव्हेंबर होता. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबरला भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली होती. ती बातमी खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचायला महिनाभर लागला, आणि मग नागपुरात निदर्शने सुरू झाली. मी तेव्हा सीताबर्डीवरच्या एका खासगी कार्यालयात आस्थापना विभागात नवीन होते. दुपारी आम्ही सात-आठ जण एकाच लांब टेबलावर डबे उघडून बसत असू. त्या दिवशी कोणीतरी सहज म्हणाले, "त्यांचंच काहीतरी भानगडीचं होतं म्हणते." माझ्या समोर बसलेल्या एका सहकाऱ्यांनी पोळीचा तोडलेला घास परत डब्यात ठेवला, डब्याची कडी लावली, पाण्याची बाटली उचलली आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसून जेवू लागले. कोणी विचारले तर म्हणत, "इथं वारा चांगला येते." सहा महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' एवढेच लिहिले होते, आणि तो कागद फाइलला मीच लावला.

त्या टेबलावर मी गप्प बसले होते. पुढे मनुष्यबळाच्या कामातच बरीच वर्षे गेली. त्यात जे शिकले ते इथे क्रमाने मांडत आहे. दलित, बौद्ध, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम, तृतीयपंथी अशा ज्या समाजांवर बाहेरच्या घटनांचा घाव थेट बसतो, त्या समाजांतली माणसे आपल्याकडे नोकरी करतात. घटना घडली की त्यांच्या वाट्याला दोन कामे येतात: नेहमीचे काम, आणि आपल्याला काय होत आहे हे इतरांना समजावून सांगण्याचे काम. यातले दुसरे काम त्यांच्यावर पडू न देणे हीच व्यवस्थापनाची पहिली जबाबदारी आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

तयारी घटनेच्या आधीची

घटना घडल्यावर नियम करायला बसलात, तर तो नियम एका विशिष्ट समाजासाठी केलेली सवलत वाटतो आणि ज्यांच्यासाठी केला तेच तो वापरायला संकोचतात. म्हणून रजेचा नियम आधीच, सर्वांसाठी आणि लेखी असावा. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांना लागू असणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. शिवाय ८ पगारी सुट्ट्या असतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या आहेत, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या आहेत. प्रत्यक्षात त्या चार सुट्ट्या बहुतेक ठिकाणी व्यवस्थापकाच्या टेबलावरच ठरतात आणि सूचना फलकावर लागतात. कारखान्यांचे नियम वेगळे आहेत. तिथे स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याचे मंजूर सेवानियम, आणि कामगार संघटनेशी झालेला करार पाहावा लागतो. दोन्हीकडे मालकाला कायद्यापेक्षा जास्त देण्याची मुभा आहे, आणि तिचा उपयोग करून वर्षाला दोन-तीन दिवसांची 'आकस्मिक सामाजिक परिस्थितीतील रजा' वेगळी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही रजा घ्यायला फोनवर एक वाक्य पुरावे, आणि कारणाचा रकाना अर्जात असूच नये.

दुसरी तयारी पत्त्यांची. मार्च २०२५ मध्ये नागपुरातल्या महाल भागात हिंसाचार झाला तेव्हा संचारबंदी पोलीस ठाण्यांच्या हद्दीनुसार लागू झाली होती. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, पाचपावली, लकडगंज अशी नावे आदेशात होती, आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत मात्र प्रभाग आणि पिनकोड होते. कोणाचे घर संचारबंदीत आहे हे शोधण्यातच कित्येक ठिकाणी सकाळ गेली. हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या पाळीप्रमुखांनी मात्र आपल्या लोकांची यादी आधीपासूनच पोलीस ठाण्यानुसार लावून ठेवली होती, त्यामुळे वीस मिनिटांत त्यांचे सगळे फोन झाले. अशी यादी प्रत्येक आस्थापनेत असावी. ती फक्त पत्त्यावरून बनवावी, त्यात जात-धर्माचा रकाना नसावा, आणि ती दोघांपेक्षा जास्त माणसांच्या हाती असू नये.

तिसरी गोष्ट ठेकेदाराकडच्या माणसांची. दारावरचे सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या बाया, कँटीनमधली मुले, माल चढवणारे हमाल यांच्यात वंचित समाजांतली माणसे बहुधा सर्वाधिक असतात, आणि मनुष्यबळ विभागाच्या कोणत्याही परिपत्रकात त्यांचे नाव नसते. कार्यालयातल्या लिपिकाला पगारी रजा मिळाली आणि त्याचे टेबल पुसणाऱ्या बाईची त्याच दिवसाची रोजी कापली गेली, तर आपण काहीच केले नाही असे समजावे. ठेकेदाराशी करार करतानाच त्यात ओळ टाकावी की संचारबंदीमुळे किंवा तशाच आपत्तीमुळे कामगार येऊ शकला नाही तर त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही आणि तिचा खर्च मूळ आस्थापना देईल. ही रक्कम लहान असते. मी हिशेब केले आहेत, एखाद्या वार्षिक मेळाव्याच्या मांडवाचा खर्चही तिच्यापेक्षा मोठा निघतो.

पहिले काही तास

बातमी आली की सर्वांत आधी माणसे कुठे आहेत ते पाहावे. रात्रपाळीचे लोक बुटीबोरीहून बसने शहरात परतत असतील, कोणी इंदोऱ्यात राहत असेल, कोणी मोमिनपुऱ्यात, कोणाचे आईवडील घटना घडलेल्या गावाच्या जवळ असतील. बसचा मार्ग बदलावा लागेल का, पाळी संपल्यावर काही जणांना आत थांबवून त्यांच्या जेवणाची सोय करावी लागेल का, हे निर्णय तासाभरात व्हायला हवेत. कर्मचाऱ्याला रस्त्यात अडवले तर दाखवायला आस्थापनेचे पत्र आणि ओळखपत्र द्यावे, परंतु त्या पत्राच्या भरवशावर कोणालाही कामावर बोलावू नये. पत्र दाखवूनही मुलगा लाठीखाली येऊ शकतो, आणि कोणाच्या अंगावर हात पडण्याचा धोका कोणत्या आडनावाला जास्त असतो हे या शहरात सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर सर्वांना एकच संदेश जावा. तो वरिष्ठाच्या नावाने जावा, मराठीत आणि हिंदीत जावा, आणि छोटा असावा. मी वापरत आलेला मसुदा असा आहे: "कालच्या (इथे घटनेचे नाव) घटनेमुळे आपल्यापैकी अनेकांना आणि त्यांच्या घरच्यांना त्रास होत आहे, याची आम्हांला जाणीव आहे. ज्यांना आज येणे शक्य नाही किंवा यावेसे वाटत नाही त्यांनी फक्त 'आज येत नाही' एवढे कळवावे. कारण सांगण्याची किंवा कागद देण्याची गरज नाही. पगार कापला जाणार नाही. रस्ता, घर किंवा दवाखाना यांबाबत मदत हवी असल्यास पुढील क्रमांकावर फोन करावा."

या संदेशात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. घटनेचे नाव घ्यावे, कारण 'सद्यपरिस्थिती' म्हटले की ज्याचे घर जळले त्याला आपण नजर चुकवत आहोत हे लगेच कळते. त्याच वेळी तपास पूर्ण व्हायच्या आधी दोष कोणाचा हे ठरवू नये. खून झाला असेल तर खून म्हणावे, कोठडीत मृत्यू झाला असेल तर कोठडीतला मृत्यू म्हणावे, आणि तिथे थांबावे.

"सगळ्यांना सारखे वागवायचे, मग एका समाजासाठी वेगळे कशाला?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो प्रामाणिकपणेही विचारला जातो. त्याचे उत्तर असे की मदत सर्वांना खुली असते, मात्र गरज सर्वांची सारखी नसते. मार्च २०२५ मध्ये महालातल्या हिंदू कुटुंबांच्या गाड्या जळल्या, तेही संचारबंदीत अडकले, आणि त्यांनाही तीच रजा, तीच गाडी, तेच पैसे मिळायला हवेत. परंतु त्याच आठवड्यात मुस्लिम कर्मचाऱ्याकडे लिफ्टमध्ये ज्या नजरेने पाहिले गेले ती नजर इतरांच्या वाट्याला आली नाही, आणि त्या नजरेची दखल घेणे हेही व्यवस्थापनाचेच काम आहे.

माणसाशी बोलताना

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि चांगल्या मनाची माणसेही इथेच चुकतात. कोणाशी बोलायचे हे ठरवण्यासाठी भरतीच्या अर्जातला जातीचा रकाना उघडून पाहू नये. ती माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी आहे. ज्यांच्याशी तुमचे एरवीही बोलणे होते, ज्यांच्या घरची थोडीफार माहिती तुम्हांला त्यांनीच दिली आहे, त्यांच्याशीच व्यक्तिगत बोलावे. बाकीच्यांसाठी सर्वांना गेलेला संदेश पुरेसा आहे. वर्षभर ज्याला नमस्कारही केला नाही त्याच्या खांद्यावर अशा दिवशी अचानक हात ठेवला, तर त्याला आपली जात दिसली एवढेच कळते.

केबिनमध्ये बोलावू नये. "जरा आत या" हे शब्द ऐकले की कोणत्याही कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि काचेच्या केबिनमध्ये सगळा मजला पाहत असतो. त्यापेक्षा आपण त्यांच्या जागेपाशी जावे, किंवा बाहेर चहाला जाताना सोबत चालावे. पाच मिनिटे पुरतात. "काल बातमी वाचली. तुमची आठवण आली. आजचा अहवाल मी दुसऱ्यांकडे दिला आहे, तुम्ही तो डोक्यातून काढा. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी चालेल." एवढे बोलून थांबावे. समोरचा माणूस "काही नाही जी, ठीक आहे" म्हणाला तर तेही स्वीकारावे आणि अहवालाचे काम मात्र काढून घेतलेलेच ठेवावे.

काही वाक्ये टाळलीच पाहिजेत. "तुमच्या लोकांचं यावर काय म्हणणं आहे?" या प्रश्नाने एक कारकून क्षणात अख्ख्या समाजाचा प्रवक्ता होतो. "पण तुम्ही तसे वाटत नाही" हे कौतुक म्हणून बोलले जाते आणि अपमान म्हणून पोहोचते. "अशा घटना सगळीकडेच होतात", "दुसरी बाजूही असेल ना", "ऑफिसात राजकारण नको" ही तीन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ती ऐकताच मला तो जिना आठवतो. कोणी रडले तर पाणी द्यावे आणि शांत बसावे. कोणी चिडून बोलले, आवाज चढला, तर त्या दिवशीच्या आवाजाची नोंद शिस्तभंगाच्या वहीत करू नये.

वरिष्ठ पदावरचा माणूस त्याच समाजातला असेल तर त्याच्यावरच सगळ्यांना समजावण्याची जबाबदारी टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या दिवशी त्यालाही रजेची, शांततेची आणि कोणीतरी त्याचे काम उचलण्याची तितकीच गरज असते.

काम, पगार आणि पाळी

"काळजी घ्या" म्हणून त्याच संध्याकाळी टार्गेटचा फोन केला तर पहिल्या शब्दांना किंमत राहत नाही. पुढच्या चार-पाच दिवसांची कामे समोर घेऊन त्यांतली कोणती पुढे ढकलता येतात आणि कोणती दुसऱ्याला देता येतात ते प्रमुखाने स्वतः बसून ठरवावे. ग्राहकांना तोंड द्यावे लागते त्या जागांवर विशेष लक्ष हवे, कारण काउंटरवर नावाची पाटी लावून बसलेल्या मुलीला किंवा फोनवर आपले पूर्ण नाव सांगणाऱ्या मुलाला अशा दिवसांत काय ऐकावे लागते हे मागच्या खोलीत बसणाऱ्यांना कळत नाही. त्यांना काही दिवस आतले काम हवे का ते विचारावे, परंतु न विचारता हलवू नये. न विचारता हलवणे म्हणजे लपवणे होते.

बंदच्या दिवशीची अनुपस्थिती हा नेहमीचा वादाचा मुद्दा. भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला तेव्हा अनेक आस्थापनांत गैरहजर राहिलेल्यांची यादी 'बंदवाले' म्हणून तोंडातोंडी फिरली. कोणी मोर्चात गेले होते, कोणी मुलांना घेऊन घरी बसले होते, कोणाला बसच मिळाली नव्हती. कारण विचारू नये, सर्वांची एकाच प्रकारची रजा लावावी, आणि ती यादी हजेरीपुस्तकाबाहेर जाऊ देऊ नये.

कँटीन आणि ग्रुप

बाहेरची घटना आत येते ती डब्याच्या टेबलावरून आणि मोबाइलवरून. विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता एखादी चित्रफीत येते, तिच्यावर दोन हसणारे चेहरे पडतात, आणि ज्याच्या समाजाविषयी ती असते तो काहीच लिहीत नाही. त्याचे न लिहिणे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घटनेनंतरचे किमान आठवडाभर कामाच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करावी आणि तसे करण्याचे कारण उघडपणे सांगावे. काही आलेच तर ते काढून टाकून थांबू नये. ज्याने टाकले त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे आणि लेखी नोंद ठेवावी.

टेबलावर कोणी बोलले तर काय करावे, हा मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. वाद घालायची गरज नसते. हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने तिथेच, सगळ्यांसमोर, एका वाक्यात थांबवावे: "हे इथं बोलायचं नाही." नंतर एकट्याला बाजूला घेऊन दिलेली समज दुखावलेल्या माणसाला दिसत नाही, आणि त्याला तर ती दिसणेच महत्त्वाचे असते.

कायद्याची माहिती प्रत्येक प्रमुखाला असावी. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा जातीवाचक शिवीगाळ करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधून बौद्ध धर्मात गेलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश होतो, आणि दीक्षाभूमीच्या शहरात तरी हे आस्थापना विभागाला पाठ असायला हवे. धर्म, वंश किंवा जातीच्या आधारावर समाजांत शत्रुत्व वाढवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. ज्याला तक्रार करायची आहे त्याला "आपसात मिटवून टाका" असे सांगणारा प्रमुख आस्थापनेलाही अडचणीत आणतो. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या माणसाचा असतो, आपण त्याला कागद, साक्ष आणि वेळ द्यायचा.

मदतीचे क्रमांक फलकावर, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत, म्हणजे कोणी पाहत नसताना उतरवून घेता येतात. मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, जिथे चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते. अत्याचाराच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. झोप उडाली, जेवण तुटले आणि ते पंधरा दिवसांनंतरही तसेच राहिले, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात जाण्यासाठी अर्धा दिवस द्यावा आणि तो रजेत धरू नये.

महिन्याने आणि वर्षाने

वर्तमानपत्रांतून बातमी उतरते तेव्हा घरात मात्र ती सुरू असते. कोणाचा भाऊ तारखांवर जात असतो, कोणाचे दुकान पुन्हा उभे राहत नसते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा जाऊन "घरचं कसं चाललंय?" एवढे विचारावे. वार्षिक मूल्यमापनात त्या काळातले घटलेले काम वेगळे काढून पाहावे, आणि तसे पाहिल्याचे त्या कर्मचाऱ्याला सांगावे, नाहीतर तो वर्षभर मनातल्या मनात हिशेब करत राहतो.

आणि तारखा परत येतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. झिरो माइलजवळच्या स्मारकावरून आणि त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलावरून आपले कर्मचारी रोज ये-जा करतात, आणि त्यांच्यात एखाद्याची आजी किंवा मावशी त्या दिवशी तिथे होती असे असू शकते. मी एका ठिकाणी दिनदर्शिका बनवताना २३ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, १४ एप्रिल आणि विजयादशमीच्या आजूबाजूचे दोन दिवस यांवर शिक्का मारून ठेवला होता: या दिवशी आढावा बैठक नाही, परीक्षण नाही, सक्तीचा ओव्हरटाइम नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे ४ तारखेच्या रात्रीच दादरकडची गाडी पकडतात आणि ७ किंवा ८ तारखेला परत येतात, हेही त्या दिनदर्शिकेत लिहिलेले होते. नाहीतर दर वर्षी तेच अर्ज आणि तेच "आता ऐन वेळी कसं जमेल?" सुरू असते.

डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या त्या चार सुट्ट्या ठरवायला बसाल तेव्हा बैठक पहिल्या पाळीच्या शेवटी, सगळे हजर असताना ठेवावी. सफाईच्या बायांना आणि दारावरच्या रक्षकांना त्या वेळी कामावरून मोकळे करावे, त्यांच्यासाठी खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, आणि कोणती तारीख हवी हे पहिल्यांदा त्यांना विचारावे.